चेंजलॉगच्या तळाशी असलेल्या ओळी

नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या रनटाइमची, नवी आवृत्ती आली की रिलीज नोट्सचा वरचा, ठळक अक्षरांतला भाग मी नुसता चाळते आणि सरळ खाली कमिट्सच्या, म्हणजे कोडमधल्या एकेका बदलाच्या, यादीत उतरते. वर असतात नव्या सोयी. त्या कुणी ना कुणी व्हिडिओ करून सांगणारच असतं. खाली असतात एकेका ओळीच्या नोंदी: ‘एचटीटीपी’, ‘नेट’ किंवा ‘स्ट्रीम’ असं मॉड्यूलचं नाव आणि पुढे पाचसात शब्द. माझं काम आहे चालत्या सर्व्हिसेस चालत्या ठेवण्याचं. त्यातल्या बऱ्याच मी लिहिलेल्या नाहीत, आणि ज्यांनी लिहिल्या ते कधीच दुसरीकडे गेलेत. अशा कोडला नव्या सोयींचा फारसा उपयोग नसतो, कारण सोय वापरायची तर कुणीतरी बसून कोड बदलायला हवा. दुरुस्ती मात्र न विचारता लागू होते. डिफॉल्ट बदलला तर तोही न विचारता लागू होतो. रनटाइम म्हणजे नेमकं काय असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, आपण काहीच लिहिलेलं नसतं तेव्हा जे घडतं ते. बाकीचं सगळं लायब्ररीतही करता येतं.

याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली आवृत्ती १५. त्याआधी एखादं प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराचा वायदा) फसलं आणि त्याला कुठेच कॅच, म्हणजे चूक झेलणारा कोड, लावलेला नसला, तर नोड एक वॉर्निंग छापायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागायचा. त्या वॉर्निंगमध्येच लिहिलेलं असायचं की पुढेमागे अशा वेळी प्रोसेस बंद पडेल. ते वाक्य वर्षानुवर्षं लॉगमध्ये येत राहिलं आणि वर्षानुवर्षं कुणी वाचलं नाही. पंधरामध्ये ते खरं झालं. बरीच ओरड झाली तेव्हा. मला तरी हा बदल उशिरा आला असंच वाटतं. अर्धवट लिहून झालेला व्यवहार पोटात घेऊन ‘मी ठणठणीत आहे’ म्हणत उभी असलेली प्रोसेस ही मेलेल्या प्रोसेसपेक्षा कितीतरी महाग पडते. मेलेलीला निदान सुपरवायझर, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, पुन्हा उठवतो.

आता माझ्या आवडत्या दुरुस्तीकडे येते. एचटीटीपी कीप-अलाइव्ह, म्हणजे एक रिक्वेस्ट संपल्यावरही कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवणं. या विषयावर मी नको तितका वेळ बोलू शकते, आणि आमच्या टीमला हे माहीत असल्यामुळे कुणी हा शब्द माझ्यासमोर काढत नाही.

दुखणं असं. पुढे रिक्वेस्ट घेऊन त्या मागे वाटणारा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर, मागे नोडचा सर्व्हर. लोड भरपूर असतो तेव्हा सगळं सुरळीत. लोड ओसरला, म्हणजे जेव्हा काहीच बिघडायचं कारण नाही, की अधूनमधून एखादा ५०२, म्हणजे ‘मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही’ असा एरर कोड, डोकावतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूस नाही. सीपीयू निवांत, मेमरी निवांत. तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली की उत्तर २००. मग पहिली शंका नेटवर्कवर, दुसरी डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर), तिसरी डेटाबेसवर आणि शेवटी एकमेकांवर.

टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन) लावून पाहिलं की चित्र एका स्क्रीनमध्ये मावतं. एक कनेक्शन उघडतं, रिक्वेस्ट येते, उत्तर जातं. मग शांतता. बरोबर पाच सेकंदांनी सर्व्हरकडून फिन, म्हणजे कनेक्शन संपवल्याचं पाकीट, निघतो. ते पाकीट अजून वाटेत असतानाच समोरून त्याच कनेक्शनवर पुढची पोस्ट (माहिती पाठवणारी) रिक्वेस्ट सुटलेली असते. ती पोचते तोवर इकडे सॉकेटच उरलेला नसतो, म्हणून कर्नल आरएसटी, म्हणजे ‘असं कनेक्शनच नाही’ हे उत्तर, पाठवून मोकळा होतो. दार लावून घ्यायला आणि पाहुणा उंबऱ्यावर यायला एकच गाठ. नोडच्या जावास्क्रिप्टपर्यंत ही रिक्वेस्ट कधी येतच नाही, मग लॉगमध्ये दिसणार कुठून? आणि ती नेमकी पोस्टच असते असं वाटण्यालाही कारण आहे. गेट, म्हणजे नुसती माहिती मागणारी, असेल तर बऱ्याच प्रॉक्सी ती गुपचूप दुसऱ्या कनेक्शनवर पाठवून देतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. पोस्ट पुन्हा पाठवणं धोक्याचं, कारण पहिली पोचली असेल तर काम दोनदा होईल. म्हणून ती तशीच परत येते, ५०२ होऊन.

हा पाच सेकंदांचा डिफॉल्ट आवृत्ती ८ पासून आहे. समोरचा लोड बॅलन्सर मात्र तेच कनेक्शन कितीतरी जास्त वेळ जिवंत आहे असं धरून चालतो. बऱ्याच ठिकाणी साठ सेकंद हा ठरलेला आकडा. यात चूक कुणाची असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन बाजूंना दोन घड्याळं असली की एक कुणीतरी आधी बंद करणार, आणि आधी बंद करणारा सर्व्हर असला की हा प्रकार होणार. म्हणून उपाय जुनाच आहे: सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट पुढच्या बॅलन्सरपेक्षा थोडा जास्त ठेवायचा. इंटरनेटवर सगळीकडे ६५ सेकंद असा आकडा दिसतो आणि त्याच्या शेजारी हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टची हेडर्स पूर्ण यायची मुदत) ६६. हा दुसरा आकडा काही जुन्या आवृत्त्यांमधल्या एका बगमुळे आला. तिथे हेडर्सचं घड्याळ कनेक्शन रिकामं असतानाही चालत राहायचं. बग गेला, पण ६६ ची जोडी कॉपी-पेस्ट होत होत आजच्या नव्याकोऱ्या प्रोजेक्टमध्येही नांदते आहे. कुणी काढत नाही, कारण का घातला होता ते कुणालाच आठवत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १९ आली आणि गोष्ट दुसऱ्या बाजूनेही सुरू झाली. तोवर नोडचा स्वतःचा एचटीटीपी क्लायंट प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडायचा. १९ पासून त्याचा डिफॉल्ट एजंट (कनेक्शन्स सांभाळणारा भाग) कनेक्शन जपून ठेवू लागला. वेगासाठी हे उत्तमच. टीएलएसचा हँडशेक (सुरक्षित कनेक्शन जुळवण्याची बोलणी) दर वेळी करायला लागत नाही. पण आतल्या आत एक नोड सर्व्हिस दुसऱ्या नोड सर्व्हिसला हाक मारते तिथेही आता तीच शर्यत लागायची, आणि लॉगमध्ये ‘सॉकेट हँग अप’ किंवा ‘ईकॉनरिसेट’ दिसायचं.

यावरची दुरुस्ती इतकी साधी आहे की वाचून मला हसूच आलं. सर्व्हर उत्तराच्या हेडरमध्ये सांगतो की मी पाच सेकंद थांबेन. प्रत्यक्षात तो एक सेकंद जास्त थांबतो. आणि क्लायंटचा एजंट, त्याला पाच सांगितलेले असले तरी, स्वतःच्या मनात एक सेकंद वजा करून चारला कनेक्शन सोडून देतो. बस. २०२५ मध्ये २४ च्या मालिकेत या दोन्ही फटी बदलता येतील असे पर्यायही आले, सर्व्हरला एक आणि एजंटला एक, दोन्हींचा डिफॉल्ट एक हजार मिलिसेकंद. शर्यत तत्त्वतः संपलेली नाही, पण मध्ये एवढी जागा ठेवली की कुठल्याही दोन डेटासेंटरमधलं जाणंयेणं तिच्यात आरामात बसतं. सिद्धांताच्या दृष्टीने हे ठिगळ आहे. प्रॉडक्शनच्या दृष्टीने प्रश्न मिटला. फक्त एक लक्षात ठेवायचं: हेडरमधली सूचना वाचणारा क्लायंट असेल तरच ही फट कामाला येते. लोड बॅलन्सर ती सूचना वाचत नसेल तर ६५ चा आकडा तुम्हालाच लिहावा लागणार.

त्याच १९ मध्ये आणखी एक ओळ होती, जिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. सर्व्हर बंद करायची हाक दिली की आता रिकामी कीप-अलाइव्ह कनेक्शन्सही लगेच बंद होतात. आधी सर्व्हर त्यांच्या स्वतःहून जाण्याची वाट पाहत बसायचा. टाइमआउट ६५ वर नेलेला असला तर हे बसणं चांगलंच लांबायचं. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत प्रोसेसला आवरून घ्यायला डिफॉल्ट तीस सेकंद मिळतात, त्यानंतर सरळ सिगकिल, म्हणजे सक्तीने बंद. म्हणजे लोक शहाण्यासारखा ‘ग्रेसफुल शटडाउन’ लिहायचे आणि शेवटी प्रत्येक डिप्लॉयला प्रोसेस मारलीच जायची. ती एक ओळ आली आणि सुंठीवाचून खोकला गेला.

लोकलहोस्टची, म्हणजे आपल्याच मशिनच्या पत्त्याची, कथा याच्या उलट आहे. तिथे दुरुस्तीने नवं दुखणं आणलं आणि मग त्याची दुरुस्ती करावी लागली. आवृत्ती १७ पर्यंत नोड डीएनएसच्या उत्तरातले आयपीव्ही४ पत्ते पुढे आणून ठेवायचा. १७ ला ठरलं की ऑपरेटिंग सिस्टिमने ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने वापरायचे. तत्त्व म्हणून निर्दोष. पण कित्येक मशिन्सवर लोकलहोस्टचा पहिला पत्ता आयपीव्ही६ चा असतो आणि लोकांचे डेव्हलपमेंट सर्व्हर ऐकत असतात फक्त १२७.०.०.१ या आयपीव्ही४ पत्त्यावर. परिणाम: ब्राउझरमध्ये पान उघडतं, कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) उत्तर येतं, आणि नोडमधून मात्र कनेक्शन रिफ्यूज्ड. ‘सर्व्हर तर चालू आहे गं, हे बघ ना’ असं म्हणत लॅपटॉप फिरवून दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ब्राउझर आणि कर्ल एक पत्ता फसला तर दुसरा करून पाहतात. नोड पहिल्यावरच हात टेकायचा.

२०२३ मध्ये २० आली आणि नोडनेही दुसरा पत्ता करून पाहायला सुरुवात केली. या पद्धतीला हॅपी आयबॉल्स म्हणतात. आरएफसी ८३०५ या इंटरनेट-मानकांच्या लेखात ती लिहिलेली आहे. पण मूळ लेखात प्रयत्न एकमेकांना समांतर चालू राहतात. नोड एकेक पत्ता ओळीने घेतो, आणि आधीच्याला सोडून देऊनच पुढच्याकडे जातो. प्रत्येक पत्त्याला २० मध्ये मिळत होते २५० मिलिसेकंद. जवळच्या सर्व्हरला हे भरपूर. पण सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल, मध्ये व्हीपीएन असेल, तर नुसता टीसीपी हँडशेकच तीनशेच्या पुढे जाऊ शकतो. मग पहिला पत्ता २५० ला सोडला, दुसरा आयपीव्ही६ चा, तिथवर नेटवर्क पोचतच नाही, आणि पाव सेकंदात ‘ईटाइम्डआउट’. पाव सेकंदात टाइमआउट! पाहणाऱ्याला वाटतं, आपण तर टाइमआउट तीस सेकंद ठेवला होता.

वर कहर म्हणजे त्या एररचा मेसेज रिकामा. अनेक प्रयत्नांच्या एरर एकत्र बांधून नोड एक ‘ॲग्रिगेट एरर’ फेकतो, आणि खरी माहिती तिच्या आतल्या यादीत असते. बहुतेकांचा लॉगर फक्त मेसेज छापतो. त्यामुळे लॉगमध्ये दिसतं: ‘रिक्वेस्ट फेल्ड:’ आणि पुढे काहीच नाही. तुमच्याकडे असा कोलनवर संपणारा लॉग दिसला तर लॉगरला एररचा कोड आणि आतली यादी छापायला सांगा, आणि ही मुदत वाढवून पाहा. त्यासाठी कमांड लाइनवर फ्लॅग आहे, नेट मॉड्यूलमध्ये फंक्शनही आहे. दूरच्या सर्व्हिसेसशी बोलणाऱ्या सगळ्या प्रोसेसना आम्ही ती एक सेकंद करून ठेवली आहे.

नव्या सोयींबद्दल मी एवढी तुच्छतेने बोलतेय, पण एका सोयीपुढे मी खरोखर नमते. रिक्वायरने, म्हणजे कोड आत घेण्याच्या नोडच्या जुन्या, कॉमनजेएस पद्धतीने, ईएस मॉड्यूल (नव्या, प्रमाणित ‘ईएसएम’ पद्धतीचं) घेता येणं. कित्येक वर्षं चित्र असं होतं की एखाद्या लोकप्रिय पॅकेजने नव्या मोठ्या आवृत्तीत कॉमनजेएस सोडलं की आपण जुन्या आवृत्तीला खिळून बसायचं, कारण आपला सगळा कोड रिक्वायरवर उभा. सांगणारे सांगायचे, सगळं ईएसएममध्ये न्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! हे शक्यच नाही असं गृहीत धरलेलं होतं, कारण ईएसएम असिंक (लोड होईपर्यंत वाट पाहावी लागणारं) आणि रिक्वायर सिंक (तिथल्या तिथे घेणारं). नोडच्या कोडवर काम करणाऱ्या जॉयी चेउंग यांनी ते उलगडून दाखवलं: मॉड्यूलमध्ये टॉप-लेव्हल अवेट (लोड होतानाच कशाची तरी वाट पाहणं) असेल तरच लोडिंग खरोखर असिंक असतं, आणि बहुतेक पॅकेजमध्ये तो नसतो. मग बाकीच्यांना सिंक का घेऊ नये? २०२४ च्या डिसेंबरमध्ये २२.१२ ला हे फ्लॅगशिवाय चालू झालं, आणि पुढच्या मार्चमध्ये २०.१९ पर्यंत मागे आणलं गेलं. मागे आणलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नव्या आवृत्तीत चांगलं काही करणं सोपं. जुनीवर अडकलेल्यांना ते पोचवणं हे चिकाटीचं काम. घेताना एक बघायचं: डिफॉल्ट एक्स्पोर्ट असेल तर मिळालेल्या ऑब्जेक्टच्या ‘डिफॉल्ट’मध्ये तो सापडतो, थेट हातात येत नाही. पॅकेजच्या लेखकाने मुद्दाम तशी सोय केली असेल तर गोष्ट वेगळी.

टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप्स जोडलेलं जावास्क्रिप्ट, थेट चालवण्याचंही बरंच कौतुक झालं. २३.६ आणि नंतर २२.१८ पासून नोड टाइपस्क्रिप्टची फाइल फ्लॅगशिवाय घेतो. यातली एक करामत मला फार आवडते. टाइप्स काढून टाकल्यावर तो त्यांच्या जागी तेवढ्याच स्पेस ठेवतो. त्यामुळे ओळ आणि कॉलम जागच्या जागी राहतात आणि एररचा स्टॅक ट्रेस सोर्स मॅपशिवाय बरोबर ठिकाण दाखवतो. इनम (नावं दिलेल्या स्थिर मूल्यांची यादी) चालत नाही, कारण इनम नुसता पुसून चालत नाही, त्याचा कोड तयार करावा लागतो. टाइप तपासणी तर होतच नाही, ती टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरची, टीएससीचीच. छोट्या स्क्रिप्ट्सना झकास आहे. मोठ्या सर्व्हिसेसचा बिल्ड मी यावर नेलेला नाही आणि घाईही नाही.

एन्व्ह फाइल वाचणं, टेस्ट रनर, वॉच, फेच हे सगळं गेल्या काही वर्षांत आत आलं आणि आमची डिपेंडन्सीची यादी लक्षात येण्याइतकी लहान झाली. याचं श्रेय मी काही अंशी प्रतिस्पर्ध्यांना देते. रायन डाल यांनी २००९ मध्ये जेएसकॉन्फ ईयूला नोड दाखवला, आणि २०१८ मध्ये त्याच परिषदेत नोडबद्दल आपल्याला खंत वाटणाऱ्या दहा गोष्टी सांगून डेनो हा नवा रनटाइम पुढे आणला. मग झिगमध्ये लिहिलेला, सफारीचं जावास्क्रिप्टकोअर इंजिन वापरणारा बन आला; त्याची १.० आवृत्ती २०२३ च्या सप्टेंबरची. दोघांकडे टाइपस्क्रिप्ट पहिल्यापासून आत होतं. शेजारी धावायला लागला की आपलेही पाय उचलले जातात. मी स्वतः प्रॉडक्शनला नोडच ठेवलाय. कारण कंटाळवाणं आहे: त्याचे बग मला माहीत आहेत.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं गणित निराळं. तिथे डिफॉल्ट मोडायचा की भोक ठेवायचं एवढेच दोन पर्याय असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये विंडोजवरच्या बॅच फाइल्सबद्दल एक पॅच आला. स्पॉनने (दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या फंक्शनने) ‘बॅट’ किंवा ‘सीएमडी’ फाइल चालवली की विंडोज आत आपला कमांड शेल घुसवतो, तुम्ही शेल मागितलेला नसला तरी. मग आर्ग्युमेंटमध्ये खुबीने काही लिहिलं की भलतीच कमांड चालते. हा घोळ नोडपुरता नव्हता, इतर भाषांनाही त्याच सुमारास पॅच काढावे लागले. नोडने सरळ ठरवलं: शेलचा पर्याय स्पष्ट लिहिलेला नसेल तर अशी फाइल चालवायचीच नाही, ‘ईइनव्हॅल’ फेकायचं. आणि विंडोजवर एनपीएम (नोडचा पॅकेज मॅनेजर) म्हणजेच एक सीएमडी फाइल. त्यामुळे एनपीएमला स्पॉन करणाऱ्या किती बिल्ड स्क्रिप्ट्स त्या पॅचने पाडल्या याला गणती नाही. पॅच आवृत्ती घेतली की काही मोडत नाही या श्रद्धेला तो चांगला धडा होता. तरी माझं मत नोडच्याच बाजूने. ज्याला शेल हवा त्याने तसं लिहावं.

सगळ्यात विचार करायला लावणारी दुरुस्ती मात्र २०२६ च्या जानेवारीतली. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-५९४६६. जावास्क्रिप्टमध्ये रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच हाक मारणं) फार खोल गेलं की ‘मॅक्सिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड’ अशी रेंज एरर येते. ती ट्राय-कॅचने पकडता येते, आणि पुष्कळ कोड ती पकडली जाईल या भरवशावर असतो. बाहेरून कुणी हजारो पातळ्यांचं जेसन पाठवलं, आपलं रिकर्सिव्ह फंक्शन स्टॅक संपवून बसलं, एरर पकडली, ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’) पाठवलं, संपलं. पण असिंक हुक्स (असिंक कामांचा माग ठेवणारी सोय) चालू असले आणि स्टॅक नेमका हुकच्या कॉलबॅकमध्ये असताना संपला, तर नोड त्याला स्वतःच्या पोटातला जीवघेणा बिघाड समजायचा आणि सात हा एक्झिट कोड देऊन तिथेच बंद पडायचा. ट्राय-कॅच नाही, अनकॉट एक्सेप्शनचा हँडलर नाही, काही नाही. एक रिक्वेस्ट, एक प्रोसेस खलास.

‘आपण कुठे असिंक हुक्स वापरतो?’ हा प्रश्न आमच्याकडेही आला. हाताने कुणीच वापरत नाही. पण असिंक लोकल स्टोरेज (एका रिक्वेस्टची माहिती तिच्या सगळ्या कामांबरोबर नेणारी सोय) जुन्या आवृत्त्यांमध्ये त्याच हुक्सवर उभं होतं, आणि त्या स्टोरेजवर उभे आहेत रिॲक्ट सर्व्हर कॉम्पोनंट्स, नेक्स्ट जेएस, आणि रिक्वेस्टचा माग काढणारी जवळपास सगळी एपीएम (कामगिरीवर नजर ठेवणारी) साधनं. म्हणजे निगराणीसाठी जे पॅकेज बसवलं, त्याच्यामुळेच सर्व्हर असा पाडता येण्याजोगा झाला. २४ वर असलेले यातून बरेचसे सुटले, कारण २४ मध्ये असिंक लोकल स्टोरेजचा पाया बदलून असिंक कॉन्टेक्स्ट फ्रेमवर नेला होता. तो बदल वेगासाठी म्हणून केलेला. कमिटच्या यादीतली अशी एक ओळ पुढच्या वर्षी ढाल होईल हे वाचताना कोण ओळखणार?

पॅच २०.२०, २२.२२, २४.१३ आणि २५.३ या आवृत्त्यांत आला. पण नोडच्या लोकांनी त्यासोबत जे स्पष्टीकरण दिलं ते पॅचपेक्षा मोलाचं आहे. स्टॅक संपल्यावर काय व्हावं हे जावास्क्रिप्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलंच नाही. व्ही८ ला, म्हणजे नोडच्या आतल्या जावास्क्रिप्ट इंजिनाला, ती सुरक्षेची बाब वाटत नाही. म्हणजे ती एरर पकडता येते ही सवय आहे, हमी नव्हे. त्यावर सर्व्हरचं जिवंत राहणं टांगून ठेवू नका. ते वाचल्यावर आम्ही बाहेरून येणाऱ्या जेसनच्या खोलीला मर्यादा घातली. जेसन पार्स झाल्यावर, कुठल्याही रिकर्सिव्ह फंक्शनच्या हातात जाण्याआधी, एक साधा लूप पातळ्या मोजतो. रिकर्शनने मोजत नाही, हे सांगायला नको.

शेवटी एक आकडा, जो बहुतेकांच्या नजरेतून निसटला. २२ मध्ये स्ट्रीमचा हाय वॉटर मार्क, म्हणजे बफर किती भरला की ‘थांब’ म्हणायचं ती रेघ, १६ केआयबीवरून ६४ वर गेली. फाइल वाचणारा स्ट्रीम आधीपासूनच ६४ वर होता, त्यामुळे त्याला फरक नाही. बाकीच्यांना चकरा कमी होऊन वेग मिळतो. पण ज्या सर्व्हिसमध्ये हजारो स्ट्रीम एकाच वेळी उघडे असतात आणि समोरचे क्लायंट संथ असतात, तिथे हिशेब मांडून पाहा. दहा हजार स्ट्रीम, प्रत्येकी जास्तीत जास्त ४८ केआयबी वाढ, म्हणजे वाईटात वाईट स्थितीत साधारण ४७० एमआयबी. बफर जावास्क्रिप्टच्या हीपच्या (ऑब्जेक्ट्स ठेवायच्या मेमरीच्या) बाहेर राहतात, म्हणून हीपचा आलेख सपाट दिसतो आणि कंटेनर मेमरीच्या मर्यादेला जाऊन धडकतो. ‘मेमरी लीक’ म्हणून शोधायला बसलात तर लीक सापडणार नाही, कारण ती नाहीच. डिफॉल्ट मागे न्यायचं फंक्शन स्ट्रीम मॉड्यूलमध्ये आहे. आमच्या एका फाइल-गेटवेमध्ये ते सुरुवातीलाच लावलेलं आहे आणि शेजारी कारणही लिहिलं आहे, नाहीतर त्याचंही ६६ व्हायचं.

विंडोजवर हा आकडा अजून १६ च आहे. मी पाहिलं तेव्हा कोडमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर एक टिपण होतं: का कोण जाणे, मोठा आकडा ठेवला की विंडोजवरच्या टेस्ट फेल होतात, बघायला हवं. एवढं मोठं रनटाइम, आणि त्यातही आपल्यासारखंच ‘बघू नंतर’. आमचा एकही सर्व्हर विंडोजवर नाही, त्यामुळे मला त्याने काही फरक पडत नाही, पण कुणाला हातभार लावायचा असेल तर जागा रिकामी आहे.